शेजारीण लिहिते

१

त्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती, आणि कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. मुलगी ठणठणीत होती, नवऱ्याशी भांडण नव्हतं, सासूबाईंचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा होता. माझ्या ब्लॉगवर कुणी पाहुणा लेखक येत नव्हता, म्हणून मी छताकडे बघत पडायचे.

ब्लॉग माझा नव्हे, कंपनीचा. आमची कंपनी दारं बनवते, आवाज अडवणारी. मी घरी बसून त्यांची माहितीपत्रकं लिहिते, जाहिराती लिहिते आणि हा ब्लॉग सांभाळते. आमच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, कुठूनशा ऐकून आल्या की कंपनीनं स्वतःची तारीफ केली तर कुणी वाचत नाही, बाहेरच्यांनी लिहिलं तर वाचतात. मग काय, बाहेरचे आणा. मी छानसं निमंत्रण लिहिलं. घरातल्या शांततेबद्दल काहीही लिहा, शब्दांची मर्यादा नाही, वेळेचं बंधन नाही, दार उघडंच आहे, घर आपलंच समजा. या शेवटच्या ओळीवर मी जरा खूश होते.

आलं कोण? पाण्याच्या टाक्या विकणारा एक गृहस्थ. त्याला शांततेबद्दल काही म्हणायचं नव्हतं, टाक्यांबद्दल मात्र पुष्कळ म्हणायचं होतं.

माझ्या जुन्या ऑफिसात एक मैत्रीण होती. विशीतच सगळ्यांना सल्ले द्यायची म्हणून आम्ही तिला काकू म्हणायचो. तिला फोन केला तर ती हसत सुटली. म्हणाली, रिकाम्या हॉटेलात कुणी शिरतं का? खिडकीजवळच्या टेबलावर आपलीच माणसं बसवायची, मग रस्त्यावरचे आत येतात. या धंद्यात सगळे असंच करतात. पहिला पाहुणा नेहमी घरचाच असतो.

तेव्हा मी पहिला पाहुणा तयार केला. पाहुणी.

२

माझी कामाची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. तिला कंपनीनं नमुन्याचं दार बसवून दिलंय: करडं, जाडजूड, वर स्प्रिंग असलेलं, त्यामुळे सोडलं की आपोआप मिटतं. मध्ये एक उभी काचेची पट्टी आहे, तीतून बाहेरची खोली दिसते. मिटताना ते "खट" करत नाही. एक श्वास घेतल्यासारखं होतं, आणि मग काही म्हणजे काही ऐकू येत नाही. स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो.

पट्टीतून मला दिसतं ते असं. खिडकीशी वेताची खुर्ची, तिच्यासमोर सोफा, सोफ्यावर सासूबाई. दुपारी नात त्यांच्या ताब्यात असते. नात चार वर्षांची आहे आणि एका जागी थांबत नाही, म्हणून ती भिंगरी. ती बोलायला लागली की सासूबाईंच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून त्या यंत्र काढून ठेवतात आणि डोळे मिटून तिला सांभाळतात.

लेख लिहायला बसले त्याच्या जरा आधी भिंगरीनं रंगाचं पाणी माझ्या कागदांवर सांडलं होतं आणि मी तिच्यावर ओरडले होते. तेव्हा साहजिकच मी ज्या बाईला लिहितं केलं ती ओरडत नव्हती. पाणी सांडलं तर ती जमिनीवर फतकल मारून बसायची आणि त्या डबक्यात मुलीबरोबर बोटं बुडवायची. तिला कुठे पोचायचं नसायचं. तिचा आवाज कधी चढत नसे. अशी बाई मी जन्मात पाहिलेली नाही, पण लिहिताना ती भराभर येत गेली.

नाव काय द्यायचं सुचेना, म्हणून नुसतं "शेजारीण" लिहिलं. खाली लेखकाचा परिचय द्यायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणून दोन ओळी: "लेखिका जवळच राहतात. त्यांना एक मुलगी आहे आणि त्यांच्याकडे वेळच वेळ आहे." मॅडमना फोटो हवा होता. मी आमच्या वेताच्या खुर्चीचा फोटो लावला. रिकाम्या.

लेख चालला. नुसता चालला नाही, धावला. व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, मी लिहू का. मग दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. काकूचं खरं निघालं. मला शांत झोप लागली. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

३

दुसरा लेख मी लिहिला नव्हता.

तो इतरांच्या लेखांसारखाच ब्लॉगच्या ईमेल पेटीत येऊन पडला होता. वर "शेजारीण", खाली परिचयाच्या त्याच दोन ओळी. मी आधी काकूवर संशय घेतला, मग मॅडमवर, मग नवऱ्यावर. पण नवऱ्याला दोन वाक्यांचा निरोप लिहितानाही घाम फुटतो. काकूनं मुलीची शपथ घेतली. तिला मुलगी नाही, पण ती शपथा अशाच घेते. शेवटी मी ठरवलं की कुणीतरी हौशी बाई आहे, तिला नाव आवडलं आणि ती आत शिरली. आयत्या बिळावर नागोबा. होतं असं.

लेख चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, हेही लिहून टाकते. दुपारच्या एका खोलीबद्दल होता. मुलगी खेळतेय, कुणी म्हातारं माणूस पेंगतंय, ऊन जमिनीवरून सरकतंय. त्यात एक वाक्य होतं: फ्रिज थरथरून सुरू झाला की मुलगी त्याला "उठलास?" म्हणून विचारते.

गोड वाक्य. आणि गुरुवार होता, व्हायोलिनच्या बाईंचा लेख आलेला नव्हता, मॅडमचे दोन निरोप येऊन पडले होते. मी लेख लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी खोलीबाहेर चहा करायला आले. मागे फ्रिज थरथरला. भिंगरी ठोकळ्यांवरून मान न उचलता म्हणाली, "उठलास?"

मी कप ओट्यावर ठेवला. तिला विचारलं, असं कधीपासून म्हणतेस. ती म्हणाली, रोजच. खरंच असेल. मी त्या वेळी दाराआड असते, मला कसं कळणार. माझ्या मुलीबद्दलची ती गोष्ट मी माझ्याच ब्लॉगवर वाचली होती.

मुलं सगळी सारखीच असतात, असं मी स्वतःला समजावलं. अख्ख्या जगातली मुलं फ्रिजशी बोलत असतील. माझी बुद्धी अशी आहे, तिला काम दिलं की ती इमानानं करते, पण संध्याकाळी हिशेब मागत परत येते.

४

पुढचं सासूबाईंनी सांगितलं, आणि कौतुक म्हणून सांगितलं, तेच वाईट.

जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या की बायको सुधारली हो तुझी. हल्ली दुपारची दोन-दोनदा बाहेर येऊन पोरीजवळ बसते, आणि चालते तरी किती हळू, एरवी घरात हत्ती शिरल्यासारखं असतं.

मी म्हटलं, आई, मी आले नव्हते. आज तर पाणी प्यायलाही उठले नाही.

"मग खुर्चीत कोण बसलं होतं?" त्या म्हणाल्या. "माझा कान गेलाय. डोळे नाही गेले अजून."

"डोळे मिटलेले असतात तुमचे."

"किलकिले असतात," त्या म्हणाल्या, आणि नवरा हसला. मलाही हसावं लागलं. हसता हसता मी भिंगरीकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती, पाय न हलवता. तिचे केस विंचरलेले होते. भांग उजवीकडे पाडलेला होता. मी डावीकडे पाडते, आणि तोही वाकडा.

तिला विचारलं तर म्हणाली, "हलले नाही म्हणून सरळ आला."

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले, आणि लक्षात आलं ते असं की घर शांत होत चाललंय. भिंगरी दारं आपटेनाशी झाली. जिन्यावरून उतरताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारायची, तर आता कठड्याला धरून एक-एक पाऊल टाकायला लागली. आंघोळीच्या वेळची बोंबाबोंब थांबली. बालवर्गातल्या बाईंनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, किती समजूतदार झाली हो तुमची. मी "हो ना" म्हटलं आणि रस्ताभर तिचा हात घट्ट धरून चालले. हात गार होता. तिनं एकदाही तो ओढून घेतला नाही.

शांतता विकून माझं पोट भरतं. कुठल्या खोलीत ती किती मुरते हे मी पत्रकात लिहिते. पण चार वर्षांच्या मुलीत मुरलेली शांतता मी त्याआधी पाहिली नव्हती.

नवरा म्हणाला, तू दमलीयेस. दमले होते हे खरंच होतं. पण दमलेल्या बाईला दिसतं ते सगळं खोटं, असं कुणी ठरवलं? मी त्याला म्हटलं, मी भ्रमिष्ट झाले असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण दुपारी घरी फोन करत जा. तो करायला लागला. सासूबाईंना घंटी ऐकू यायची नाही, आणि मी दाराआड. तरी दोनदा फोन उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही, असं तो म्हणाला. आईच असणार, म्हणाला.

५

तिसरा लेख आला तेव्हा मी तो वाचलाच नाही. सरळ खाली गेले, परिचयाच्या ओळींवर. आता तीन ओळी होत्या.

"लेखिका इथेच राहतात. त्यांना एक मुलगी आहे आणि ती दुपारी त्यांच्याजवळ असते. लवकरच दोघी दुसरीकडे राहायला जाणार आहेत."

मी खूप वेळ त्या तिसऱ्या ओळीकडे बघत राहिले. "जवळच राहतात" हे मी लिहिलं होतं. "इथेच" मी लिहिलं नव्हतं. आणि "दोघी" हा शब्द. त्या शब्दात माझी मुलगी होती, मी नव्हते.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी पेटलंही, आणि मला वाटतं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी स्वतःला ओळखीची वाटले. इतकी वर्षं मी डॉक्टर, शिक्षिका, सासूबाई, पुस्तकं, फोनवरच्या हसऱ्या आया, सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी राहिले, की हो, चुकतं माझं. हिच्यासमोर नाही. हिला मीच एका दुपारी चिडून लिहून काढलं होतं. तिच्यासमोर मी मान खाली घालणार नाही.

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, शेजारणीचे दोन्ही लेख काढून टाकतेय, तिसरा लावणार नाही. मॅडमनी आधी समजावलं. वाचक वाढलेत, नवे लेखक तिचं बघून येतायत, दर आठवड्याचं सदर करायचं त्यांच्या मनात होतं. मग जरा चढ्या आवाजात विचारलं:

"अगं, पण ती तुझीच ना? तूच तयार केलेली."

"हो. म्हणूनच सांगतेय. ती यापुढे लिहिणार नाही."

"हे तू ठरवणार?"

"पाहुणा बोलावला मी," म्हटलं, "तेव्हा त्याला जा म्हणायलाही मीच लागेन."

मॅडम म्हणाल्या, उद्या बोलू. तो "उद्या" कसा असतो ते नोकरी करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. जायची तर जाऊ दे नोकरी. मी एकेक लेख काढला, परिचय काढला, खुर्चीचा फोटो काढला. निमंत्रणही काढलं, घर आपलंच समजा सकट. आणि पेटीतल्या त्या पत्त्यावर एक ओळ लिहिली: "आपलं लेखन आम्ही स्वीकारत नाही." आमच्याकडे नकाराची एक गोड भाषा असते, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा वगैरे. ती मी वापरली नाही.

खोलीत काही हललं नाही. दिवा गेला नाही, वारा आला नाही. फक्त मला जाणवलं की माझ्या गिळण्याचा आवाज मला ऐकू येतोय.

दाराला मी सकाळीच स्टूल लावून ठेवलं होतं, ते उघडं राहावं म्हणून.

६

स्टूल भिंतीशी नीट सरकवून ठेवलेलं होतं. खोलीच्या आतल्या बाजूला. मी तिथे पाठमोरी बसलेली असताना.

मी उठले आणि काचेच्या पट्टीशी गेले.

बाहेर ऊन होतं. भर दुपार. सासूबाई सोफ्यावर, तोंड किंचित उघडं. भिंगरी खोलीच्या मध्यभागी उभी होती, हात सरळ खाली सोडून, जसं मूल फक्त फोटो काढताना उभं राहतं. तिच्या पायांशी कुणीतरी वाकलं होतं. पट्टी अरुंद आहे, मला पाठ दिसली, खांद्यापर्यंत, आणि हात. हात तिच्या बुटांचे बंद लावत होते. ते हात मी विसरणार नाही, कारण त्यांच्यात भयंकर असं काहीच नव्हतं. त्यांना घाई नव्हती, इतकंच. एक बंद लावून झाला की ते त्यावरून बोट फिरवायचे, मग दुसऱ्याकडे जायचे. अंगात माझा घरातला निळा कुडता होता. तोच माझ्याही अंगात होता.

भिंगरीचे ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती, मोठं वाक्य, मान हलवून हलवून. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. जगातलं सगळ्यात चांगलं दार आहे ते, मी स्वतः लिहिलंय तसं.

मग त्या पाठीनं मान वळवायला सुरुवात केली. हळू, जसं सगळंच हळू. आणि मी ठरवलं की मला बघायचं नाही. घाबरून नव्हे. तिचा चेहरा कसा आहे हे मी एकदा सांगितलं असतं तर तो तिला मिळाला असता, आणि माझ्याकडून तिला आता काहीही मिळणार नव्हतं.

मी दार असं ढकललं की मूठ भिंतीत रुतली. हत्ती शिरला म्हणा घरात.

खोलीत भिंगरी होती आणि झोपलेल्या सासूबाई. बाहेरचं मुख्य दार हातभर उघडं होतं. जिन्यातला गारवा आत येत होता.

मी त्या फटीकडे तोंड करून बोलले, आणि माझा आवाज काही केल्या खाली येईना, आणला पण नाही मी.

"ऐक. तुला लिहायला बोलावलं होतं, तेही आता नाही. मी ओरडते. मला उशीर होतो. मला तिचं निम्मं काही ठाऊक नसतं, आणि तिचा भांग वाकडाच पडतो. तरी ही माझी मुलगी आहे, तुला ती मी दिलेली नाही, नुसती लिहिली होती. चालू लाग."

सासूबाई जाग्या झाल्या. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, कानाशी हात नेला.

"कुणाशी भांडतेयस?"

"पाहुणीशी."

त्या यंत्र चाचपत म्हणाल्या, "मग जरा मोठ्यानं भांड. मला ऐकू येत नाही."

सासूबाईंशी माझं आयुष्यात इतकं पटलं नव्हतं. मी दार लावलं, कडी घातली, वरची आणि खालची. जिन्यात पावलं वाजली नाहीत, ना वर जाताना, ना खाली. मी भिंगरीपुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या बुटांचे बंद ओढून सोडले. घाईत एक बंद तुटला. मी तिला दोन्ही दंडांना धरून विचारलं, खरं खरं सांग, तू तिला काय सांगत होतीस इतका वेळ?

भिंगरी पुढे जे म्हणाली ते जसंच्या तसं देतेय. दुसऱ्यांची वाक्यं सुधारणं हा माझा धंदा आहे, पण यात मी एक शब्द हलवलेला नाही.

"ती म्हणाली, चल. मी म्हटलं, आईला विचारल्याशिवाय मी कुठे जात नाही. मग ती म्हणाली, जा, विचारून ये. ती जिन्यात थांबलीय, आई. नाही म्हणून सांगून येऊ?"